डोळे मिटले की जमीन जाते

१२ ऑगस्ट १९७९, रविवार
सकाळी मोरीत तोंड धुताना पडलो. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे घट्ट मिटले, ओंजळ तोंडाशी नेली, आणि पायाखालचं काहीतरी कुणी काढून घेतलं. डावा खांदा पिंपावर. पिंप तांब्याचं, सुभद्रेच्या माहेरचं. त्याला पोचा, मला निळा डाग. घरात दुसरं कुणी नाही म्हणून बोभाटा नाही.
पाय घसरला म्हणावं तर मोरी कोरडी होती.

१४ ऑगस्ट, मंगळ
पुन्हा. या वेळी सदरा डोक्यावरून काढताना. तोंड सदऱ्यात, हात वर, आणि मी भिंतीला.
चप्पल पायातून कधी निसटते कळत नाही. काल पोस्टाच्या पायऱ्यांपर्यंत एकाच चपलेनं गेलो. मागून भाजीवाली ओरडली, "मास्तर, एक पाय इथंच ऱ्हायला की!"
कविता म्हणत चाललं की बरं जमतं. भुजंगप्रयात सगळ्यांत सोयीचं. एक हलकं पाऊल, दोन जड. लघु, गुरू, गुरू. चाळीस वर्षं बाकांमधून असाच फिरलो. तेव्हा वर्ग हसायचा, आता गल्ली हसते.

१७ ऑगस्ट, शुक्र
मधू डॉक्टरकडे गेलो. माझाच विद्यार्थी, सातवीत वृत्तांना घाबरणारा. म्हणाला, "सर, तुम्ही मला खूप उभं केलंत. आज माझी पाळी." पाय जोडून उभं केलं. मग म्हणाला, डोळे मिटा.
मिटले. तो धरायला पुढे आलाच नसता तर त्याच्या टेबलावर गेलो असतो.
मग दोन दातांचा एक लोखंडी काटा वाजवून माझ्या मनगटावर टेकवला. गुणगुण कळली. तोच घोट्यावर टेकवला. काही नाही. शेवटच्या बाकावर कविता पोचत नसे, तसं.
मधूनं सांगितलं ते जसं आठवतं तसं: माणूस उभा असतो तेव्हा खरा उभा नसतोच. सारखा थोडाथोडा पडत असतो आणि सारखा सावरत असतो. सावरायला बातमी लागते. ती तीन ठिकाणांहून येते. डोळे, कानाच्या आतला भाग, आणि तळपाय व सांधे. "सर, तुमच्या तळपायांची बातमी वर पोचत नाही. तुम्ही डोळ्यांवर उभे आहात. डोळे मिटलेत की जमीन जाते."
मी म्हटलं, काय म्हणालास?
"जमीन जाते."
हे वाक्य मी आधी ऐकलं आहे. शब्द न् शब्द हेच. मधूच्या तोंडून नाही.

१८ ऑगस्ट
काल पुढचं लिहवेना.
मधूनं चहा मागवला. मी म्हटलं, माझा कोरा. "कधीपासून?" ही गेल्यापासून, नऊ वर्षं. "आणि दूध? दही, ताक?" नाही. गळ्यात माळ आहे, तेव्हा अंड्यामटणाचा प्रश्नच नाही. त्यानं लेखणी खाली ठेवली. म्हणाला, रक्ताला आणि नसांना लागणारं एक जीवनसत्त्व आहे, ते आपल्या भाजीभाकरीत नसतं. आपल्यासारख्यांना दुधातून जे मिळतं तेवढंच. "तेही तुम्ही बंद केलंत."
रोज एक इंजेक्शन. मग आठवड्याला. औषध लालभडक, डाळिंबाच्या रसासारखं.
"पण सर, दूध का सोडलंत?"
सांगितलं. आमचं बाळ अकरा महिन्यांचं होऊन गेलं, त्या दिवसापासून सुभद्रेनं दूध-दही कधी तोंडी लावलं नाही. वीस वर्षं. ती गेली तेव्हा तेराव्याला मीही सोडलं. तिचं काहीतरी पुढे चालवावं म्हणून.
मधूनं हळूच विचारलं, "बाईंना पायांचं काही होतं?"
मी म्हटलं, नाही.
मास्तर मनुष्य. किती सहज खोटं बोललो.

२३ ऑगस्ट, गुरु
होतं. लिहूनच टाकतो.
अडुसष्ट साल. समोरच्या चाळीत शुक्रवारची आरती असे. ही हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली की डुलायची. आधी थोडी, मग झाडासारखी. बायका म्हणाल्या, गडावरची देवी आली. हिला पाटावर बसवू लागल्या, कुंकू लावू लागल्या, ओटी भरू लागल्या. "आई, आमच्या पोराला नोकरी लागंल का गं?" ही बिचारी म्हणायची, लागेल. काहींना लागलीही.
एका शुक्रवारी मी शाळेतून लवकर आलो. बायका आमच्याच खोलीत. सुधारक मास्तराच्या घरात! ओरडलो, बंद करा हे थोतांड. सगळ्या चपला शोधत पळाल्या. ही पाटावर तशीच, कपाळभर कुंकू.
म्हणाली, "अहो, मी काही करत नाही. डोळे मिटले की जमीन जाते."
मी म्हणालो, "मग डोळे मिटू नकोस."
आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन चहा मागितला.

२४ ऑगस्ट
त्यानंतर ती देवापुढंही उघड्या डोळ्यांनी उभी राहायची. टक लावून. मला वाटे, माझं पटलं.
सत्तरच्या कार्तिकात पहाटे घाटावर गेली. सूर्याला पाणी द्यायला ओंजळ वर केली. बरोबरच्या बाईनं सांगितलं, नीट उभ्या होत्या हो, डोळे मिटले आणि गेल्या. डोकं पायरीवर. सगळ्यांनी शेवाळ म्हटलं. मीही शेवाळच म्हटलं. घरच्या वहीत दिवंगतांच्या पानावर तसंच लिहिलं आहे माझ्या अक्षरात.
डोळे मिटले, हे मी ऐकलं होतं. ऐकून बाजूला ठेवलं होतं.

३ सप्टेंबर, सोम
सतरा सुया झाल्या. तळपायांत मुंग्या. मधू खूश, "बातमी सुरू झाली सर." मी नाही.
इतकं सोपं होतं.
संध्याकाळी खोलीत मुद्दाम पाय जोडून डोळे मिटतो. डावीकडं झुकतो. ती नेहमी माझ्या डावीकडून चालायची. झुकल्यावर तिथं कुणीतरी असल्यासारखं वाटतं, म्हणून लगेच डोळे उघडत नाही. ती माझ्या तळपायांत राहायला आली आहे. औषधानं मी तिला बाहेर काढतो आहे की काय?

१४ सप्टेंबर, शुक्र. अविधवा नवमी
सुभद्रेच्या नावानं सवाष्ण जेवू घातली. खीर केली होती. वाढताना हात थबकला, तिच्या नावाचं पान आणि त्यात दूध!
दुपारी जावयांचं कार्ड, येवल्याहून. वसंतराव कार्डावर चार ओळींपलीकडे जात नाहीत. ती. अण्णांस सा. न. हातमाग ठीक चालू. "कुसुमच्या अंगात येऊ लागले आहे. आषाढापासून. आई म्हणते घराचे भाग्य. शुक्रवारी बायकांची रीघ असते. काळजी नसावी."
कार्ड हातात घेऊन खाली बसलो. बसण्यापूर्वी डोळे उघडे आहेत याची खात्री केली.

१५ सप्टेंबर
कुसुम, आमची एकुलती. बत्तीस वर्षांची. लग्नाला बारा वर्षं, मूल नाही. तिच्या आईनंच तिला सांगितलं होतं, मांडीवर मूल येईपर्यंत दूध-दही सोड, देवी ऐकेल. आईनं सोडलेलं पाहतच वाढलेली पोर. सोडलं. दहा वर्षं झाली असतील.
मधूला विचारलं. म्हणाला, ताबडतोब आणा. नसा फार दिवस उपाशी राहिल्या तर मग कितीही सुया टोचा. "आणि सर, तिला पडू देऊ नका."
सासरी घरातच माग. माग म्हणजे जमिनीत कंबरभर खड्डा, विणणारा त्यात पाय सोडून बसतो. ही दिवसभर त्या खड्ड्याच्या कडेनं वावरते.

२७ सप्टेंबर, गुरु. येवला
ताप आल्यानं आठ दिवस गेले. आज आलो. एस.टी.तून उतरताना कंडक्टरनं हात दिला, वय झालं की हात आपोआप येतात.
विहीणबाई दारातच. "या मास्तर! लेकीनं नाव काढलं बघा. बारा वर्सं वांझ वांझ म्हणलं मी, माझीच जीभ झडू द्या. देवीनं घर हेच निवडलं." पूर्वी कुसुमचं ताट सगळ्यांच्या नंतर वाढलं जायचं. आज तिचं पहिलं. वसंतराव तिला अहो-जाहो करतात.
कुसुम चालताना पायांकडं बघते. पाऊल उचलून जरा आपटते. मला काही सांगायला नको होतं.
मी डॉक्टरांचं काढलं. विहीणबाई हसल्या. "देवीला सुया टोचत्यात व्हय? मास्तर, तुमाला लय शिकून नाय कळत."

त्याच दिवशी, संध्याकाळी
कुसुम मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. रहाटाचा आवाज. सगळं सांगितलं तिला. तळपाय, दूध, आई, घाट. माझं ते वाक्यही सांगितलं.
ती रहाट न थांबवता म्हणाली, "मला ठाऊक आहे अण्णा. पायाखाली गोधडी घातल्यासारखं वाटतं. मागाच्या पावड्या पायांना लागत नाहीत, म्हणून विणायला बसायची बंद झाले. देवी कसली येतेय!"
मग चल ना.
"बारा वर्षांत मला कुणी 'बस' म्हणालं नव्हतं. आता पाट देतात."
पडशील गं.
"पडते तेव्हा चौघी धरतात. बरी झाले की कोण धरेल?"


२८ सप्टेंबर, शुक्र. अष्टमी
निजण्याआधी लिहितो. आजचं आजच.
दिवेलागणीची आरती. तीसेक बायका. कुसुम मधे, हात जोडून. डोळे मिटले. डुलू लागली. डावीकडं. हुबेहूब तीच. मी अडुसष्टमध्ये दारात उभा होतो तसाच आजही दारात होतो, आणि ओठांवर तेच शब्द आले, बंद करा हे. गिळले.
ओरडायचं नाही. दाखवायचं. शिक्षकाला दुसरं काय येतं? पुढे झालो. म्हटलं, बायांनो, इकडं बघा. हे पायांचं दुखणं आहे. माझेही पाय तसेच आहेत. आता मी डोळे मिटतो, बघा काय होतं.
पाय जोडले. डोळे मिटले. औषधानं पुष्कळ बरं वाटत होतं, पण कालचा प्रवास, ताप, धूप. गेलो डावीकडं. चांगला गेलो.
आणि विहीणबाईंचा आवाज: "अगं बया! मास्तरांच्या बी अंगात आलं!"
टाळ्या, झांजा. कुणीतरी कपाळाला कुंकू फासलं. दोघींनी दंड धरले. पायांवर कपाळं टेकत होती. हे मला दिसत नव्हतं, पण तळपायांना नाही तरी पावलांना कळत होतं. "आई, बोल! काय पायजे, बोल!"
डोळे उघडून "अहो, नाही, नाही" म्हणायचं होतं. तेवढंच म्हणायचं होतं.
तोंडातून आलं, "मला दूध द्या हो, मला दूध द्या हो."
भुजंगप्रयात. एकही मात्रा इकडंतिकडं नाही.
आवाज माझा होता का, सांगता येत नाही. मी ठरवून बोललो असं म्हणावं तर ठरवल्याचं आठवत नाही. नाही म्हणावं तर बोलताना पुढचं सगळं लख्ख दिसत होतं.
दूध आलं. वाटीभर, कोमट, वर साय. प्यालो. नऊ वर्षांनी. अर्धी वाटी उरली ती कुसुमपुढं धरली, प्रसाद म्हणून. तीस बायकांदेखत प्रसादाला नाही म्हणता येत नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. सगळं समजलेली नजर. एक क्षण हसू आल्यासारखं वाटलं, पण ते हसू नव्हतं.
प्याली.

२९ सप्टेंबर, शनि
सकाळी अंगणात गाठलं तिनं.
"अण्णा, काल खोटं बोललात."
माहीत नाही, म्हटलं.
"आईच्या वेळी खरं बोललात, माझ्या वेळी खोटं. दोन्ही वेळा आम्हाला विचारलं नाहीत."
मी चप्पल शोधू लागलो.
आतून विहीणबाई, आवाज बारा वर्षांचा जुना: "कुसुम! देवी म्हाताऱ्यात गेली, आता बसून काय ऱ्हायलीस? ऊठ, कांड्या भर." दुपारी पहिलं ताट माझ्यापुढं आलं. कुसुमचं शेवटी. नुसती भाकरी आणि वाटीभर दूध. देवीची आज्ञा तेवढी पाळली.
देवी सुभद्रेकडून एकदा काढून घेतली. आज पोरीकडून. मी काहीच केलं नाही, नुसते डोळे मिटले.
जेवणानंतर विहीणबाईंना सांगितलं, लेकीला सव्वा महिना माहेरी नेतो, दूध पाजायला. हात जोडून म्हणाल्या, "तुमी म्हनाल तसं, आई." मला. आई.

६ ऑक्टोबर, शनि. नाशिक
मधूनं तपासलं. काट्याची गुणगुण गुडघ्यापर्यंतच, खाली काही नाही. माझ्यापेक्षा वाईट. "पण वय तिच्या बाजूचं आहे." रोज सुई.
कुसुम माझ्याशी कामापुरतं बोलते. दूध घेते. औषधासारखं, श्वास रोखून.

२० ऑक्टोबर, शनि. दिवाळी
फराळाचं तिनंच केलं. तळपायांत आग होतेय म्हणते, झोप नाही. मधू म्हणतो, हे चांगलं लक्षण. तिला सांगितलं तर म्हणाली, "चांगलं सगळं दुखतंच का हो?"
संध्याकाळी तिच्या आईच्या फोटोपुढं पणती लावली. मी मागे उभा. तिनं हात जोडले, डोळे मिटले. मी पुढे झालो धरायला. डुलली नाही. गवताच्या पात्याइतकी हलली आणि सावरली. आपणच.
मी डोळे मिटले नाहीत. फोटोतली ती टक लावून बघत होती.

२८ ऑक्टोबर, रवि
आज प्रथम आपणहून विचारलं, "आई बायकांना काय सांगायची हो, पाटावर बसून?"
लागेल नोकरी, होईल लग्न, असंच. मला नीट माहीत नाही, मी ऐकलंच नाही कधी.
"मी सांगायची, नवऱ्याला सांग मारू नकोस म्हणून, देवीनं बजावलंय. दोघींचे नवरे थांबले." थोड्या वेळानं, "शेजारच्या लक्ष्मीला माहेरी पाठवायला लावलं बाळंतपणाला. नाहीतर मेलीच असती."
मला हे ठाऊक नव्हतं. कुंकू, ओटी, नारळ एवढंच दिसलं मला. दोन्ही वेळा.

७ नोव्हेंबर, बुध
मधू म्हणाला, पाय पुष्कळ परतले, पुढं आठवड्याला एक सुई, वर्षभर. काही ठिकाणची बातमी कदाचित येणारच नाही. येवल्यात टोचून घेता येईल. लाल कुप्यांचं खोकं बांधून दिलं.
कुसुमला म्हटलं, जायलाच पाहिजे असं नाही. इथं राहा. मी आहे. ती हसली. माझं वय पाहून हसली असेल.

८ नोव्हेंबर, गुरु
वसंतरावांचं कार्ड. अक्षर त्यांचं, मजकूर विहीणबाईंचा. "शुक्रवारी बायका येऊन बसतात व उठून जातात. लक्ष्मीची सासू पुन्हा तिला छळते. देवी कोणात आहे ते कळवावे. तुम्ही या अथवा कुसुमला पाठवा. कोणीतरी या."
कुसुमनं दोनदा वाचलं. पदराला हात पुसले. "उद्याच्या सकाळच्या एस.टी.नं जाते. आरतीच्या आत पोचेन."

९ नोव्हेंबर, शुक्र
स्टँडवर सोडून आलो. खोकं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. फलाटावर चालताना पायांकडं बघत नव्हती.
मी खिडकीखाली. विचारलं, डोळे मिटलेस की आता जमीन राहते ना?
"राहते."
मग आज आरतीला?
तिनं पदर डोक्यावरून घेतला. "बघू अण्णा. आधी बायका काय विचारतात ते ऐकते."
गाडी हलली. मी खांबाला धरून होतो. आत्ता सहा वाजलेत. तिकडं दिवे लागले असतील.